सीव्हीत काम लिहा, विशेषणं नकोत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या नोकरीच्या पानावर मध्यंतरी सीव्ही आणि कव्हरिंग लेटर कसं असावं यावर लेख आला होता. कात्रण काढून ऑफिसात ठेवलंय, लेख वाईट नव्हता, पण सगळा भर 'प्रभावी शब्द वापरा', 'एका पानात बसवा', 'फॉन्ट अमुकच ठेवा' यावर होता आणि वाचताना मला सारखं वाटत होतं की अहो हे सगळं नंतरचं, आमच्याकडे जे सीव्ही येतात ते वाचून पोरानं आजवर केलंय काय हेच कळत नाही, तिथे फॉन्टचं काय घेऊन बसलात. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, तुम्ही कापालच, तरी लिहिते.

मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत एचआरला आहे. मध्यम म्हणजे मोठ्या आयटी कंपनीसारखं सीव्ही चाळणारं सॉफ्टवेअर वगैरे काही नाही, मी आणि माझी एक ज्युनिअर, आम्हीच उघडतो, आम्हीच वाचतो, आम्हीच फोन लावतो. भरती म्हणजे ऑपरेटर, क्वालिटी इन्स्पेक्टर, स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स, त्यामुळे अर्ज येतात ते आयटीआय, डिप्लोमा, बीए, बीकॉम, बीएस्सी आणि थोडे बीईवाले. जाहिरात टाकली की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप भरून वाहतं. कुणाची पीडीएफ, कुणाचा कागदाचा तिरका फोटो ज्यात खाली गादीवरची चादर पण दिसते, कुणाची वर्डची फाईल जी मोबाईलवर उघडली की सगळ्या रेघा अस्ताव्यस्त. फाईलचं नाव 'रिझ्युम न्यू फायनल' नाहीतर नुसतं 'स्कॅन', आता असे पन्नास 'स्कॅन' फोनमध्ये पडले की त्यातला तुमचा कुठला हे आम्ही कसं शोधायचं? फाईलला आपलं नाव आणि पद द्यावं एवढं कुणी सांगितलेलंच नसतं.

पण ते जाऊ दे. खरी मजा आतमध्ये आहे. वर ऑब्जेक्टिव्ह, 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट व्हेअर आय कॅन युटिलाइज माय स्किल्स', मग दहावी-बारावीचा तक्ता, मग स्ट्रेंग्थ म्हणून हार्ड वर्किंग, ऑनेस्ट, पंक्च्युअल, मग हॉबी म्हणून लिसनिंग म्युझिक आणि प्लेइंग क्रिकेट, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, आणि शेवटी 'आय हिअरबाय डिक्लेअर' करून ठिकाण, तारीख, सही. लग्नपत्रिकेसारखं झालंय, मजकूर ठरलेला, नावं तेवढी बदलायची. कधीकधी तीही नीट बदलत नाहीत, आडनाव पाटील आणि खाली वडिलांच्या नावापुढे आधीच्या गिऱ्हाईकाचं आडनाव तसंच राहिलेलं. सायबर कॅफेवाल्याला मी दोष देत नाही, त्याला एका सीव्हीचे वीस-तीस रुपये मिळत असतील, त्यात तो काय मुलाखत घेत बसणार. पोरगं समोर उभं राहतं, तो विचारतो नाव काय, शिक्षण काय, कुठे काम केलंय का, पोरगं म्हणतं नाही तसं काही खास नाही, आणि तिथेच सगळं संपतं. हे 'तसं काही खास नाही' आमच्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान करतंय असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण देते म्हणजे कळेल. एका मुलाच्या सीव्हीत एकच ओळ होती, 'व्हीएमसी ऑपरेटर, सहा महिने'. (व्हीएमसी म्हणजे धातूचे पार्ट कापणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन.) बाकी पान हार्ड वर्किंग आणि ऑनेस्टनं भरलेलं. आता चाकण-भोसरीत दगड मारला तर व्हीएमसी ऑपरेटरला लागतो, या ओळीवरून मी काय ठरवणार. तरी फोन केला, विचारलं कंट्रोल कुठला, म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर कुठल्या कंपनीचा, तर म्हणाला फानुक. सेटिंग करतोस की नुसता पार्ट लावतो-काढतो? तर म्हणाला सेटर दुसऱ्या मशीनवर असला की टूल बदलणं आणि ऑफसेट घेणं (म्हणजे टूलचं माप मशीनला देणं) मीच करायचो. पार्ट कुठला? ॲल्युमिनियमचं हाऊसिंग. मोजायचास कशानं? व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअरला बोअर गेज, आणि दर तासाला रीडिंग शीटवर लिहायचं. रिजेक्शन यायचं का, तर त्यावर तो पाच मिनिटं बोलला, चिप अडकून बोअरला ओरखडे कसे येत होते आणि मग कूलंटच्या नोझलची दिशा बदलून ते कसं कमी झालं. अरे मग हे लिही ना! यातलं एक अक्षर सीव्हीत नाही. का नाही लिहिलंस विचारलं तर म्हणे मॅडम ते तर रोजचंच काम होतं.

रोजचंच काम लिहायचं असतं, आम्हाला तेच हवंय. 'व्हीएमसी मशीन, फानुक कंट्रोल, टूल ऑफसेट आणि पार्ट सेटिंग, ॲल्युमिनियम हाऊसिंग, व्हर्निअर-मायक्रोमीटर-बोअर गेजनं तपासणी', एवढी एक ओळ वाचली की आमचा प्रॉडक्शनवाला स्वतः खुर्चीतून उठून येतो आणि म्हणतो याला बोलव. तिथे पंक्च्युअल आणि टीम प्लेअर लिहिलेलं कुणी वाचत पण नाही, कारण आम्हाला तरी कसं कळणार हा खरंच वेळेवर येतो का, आणि मी लेट येतो असं आजवर कुणी लिहिलेलं नाही.

दुसरा किस्सा सोलापूर जिल्ह्यातल्या एका मुलाचा. बीए झालेला, डिस्पॅचला अर्ज केलेला. अनुभव: निल. इंटरव्ह्यूला आला तेव्हा सहज विचारलं की डिग्री होऊन दोन वर्षं झाली, करत काय होतास, तर हळूच म्हणाला कारखान्यावर स्लिपबॉय होतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, साखर कारखान्याचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, त्या काळात कुणाचा ऊस कधी तोडायचा, कुठली टोळी कुठल्या फडात, ट्रॅक्टर कुठला, बैलगाडी कुठली, कुणाला स्लिप द्यायची, हे शिवारात उभं राहून बघणारा जो पोरगा असतो तो स्लिपबॉय. एका बाजूनं शेतकरी ओरडतोय माझा ऊस वाळला, दुसरीकडून टोळीचा मुकादम, तिसरीकडून कारखान्याचा शेतकी अधिकारी. दोन हंगाम ज्यानं हे केलं त्याला मी ट्रान्सपोर्टरशी बोलायला आणि गाड्यांच्या नोंदी ठेवायला बसवायचं नाही तर कुणाला बसवायचं? आणि हा लिहितो अनुभव निल. का, तर 'ते शिक्षणाचं काम नाही मॅडम'. कॉलेजात कुणीतरी मनात भरवून दिलंय की अनुभव म्हणजे एसी ऑफिस आणि गळ्यात आयकार्ड, बाकी सगळं लपवायचं. किराणा दुकानाचा स्टॉक बघितलेला, दूध संकलन केंद्रावर फॅट लावून पावत्या काढलेला, भावाच्या गॅरेजमध्ये स्पेअर पार्टचा हिशोब ठेवलेला, सगळे आमच्याकडे येताना 'फ्रेशर' होऊन येतात.

मुलींचं थोडं वेगळं आहे. अकाउंट्सच्या पोस्टसाठी बीकॉमच्या मुली खूप येतात, त्यांच्या सीव्हीत टॅली, एमएस-सीआयटी, टायपिंग ४०, जीएसटी असं सगळं स्वल्पविराम देऊन लिहिलेलं असतं. जीएसटी हा काय स्किल झाला? २०१७ पासून देशात लागू आहे, सगळ्यांनाच माहितीये. तुम्ही त्यात काय केलंत? एक मुलगी सीएच्या ऑफिसात वर्षभर होती, विचारलं तर कळलं की दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ चा (विक्रीचं रिटर्न) आणि २० च्या आत ३बी चा (कर भरायचं रिटर्न) डेटा ती तयार करायची, खरेदीची बिलं २बी शी (माल देणाऱ्यांनी अपलोड केलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) जुळवायची, ज्या पार्टीनं बिल अपलोड केलं नाही तिला फोन करून मागे लागायची, शिवाय बँक रिकन्सिलिएशन. हे सगळं 'जीएसटी' या तीन अक्षरांत गडप झालेलं. आणि अजून एक, बऱ्याच मुलींच्या सीव्हीवर मोबाईल नंबर वडिलांचा नाहीतर भावाचा असतो. फोन लावला की पलीकडून भारदस्त आवाजात 'काय काम आहे, कुठून बोलताय, पगार किती देणार' सुरू होतं, आणि चारदा सांगूनही मुलीकडे फोन जात नाही. काळजी समजते हो मला, मीही मुलीची आई आहे, पण नोकरी करणार ती आहे ना, मग नंबर तिचा द्या. वाटलं तर वडिलांचा दुसरा नंबर म्हणून खाली द्या.

इंग्रजीबद्दल बोलायलाच हवं. सीव्ही इंग्रजीत असतो आणि लिहिणाऱ्याला तो कळत नाही, म्हणजे स्वतःबद्दल काय लिहिलंय हे त्यालाच माहीत नसतं. मुलाखतीत ऑब्जेक्टिव्हमधलं वाक्य दाखवून 'याचा अर्थ सांग' म्हटलं की पोरगं घामाघूम. मी हल्ली तो प्रश्न विचारणंच सोडलंय, त्यात त्याची लाज काढण्यापलीकडे काही साध्य होत नाही. माझा सल्ला असा असतो की आधी वहीच्या पानावर मराठीत लिही, कुठे होतास, सकाळी गेल्यावर पहिलं काय करायचास, कुठली मशीन, कुठलं रजिस्टर, कुणाला रिपोर्ट करायचास, काय बिघडायचं आणि बिघडल्यावर तू काय करायचास. मित्राला फोनवर सांगतोस तसं. मग त्यातलं या नोकरीच्या उपयोगाचं काय ते निवड आणि सोप्या छोट्या इंग्रजीत कर, व्याकरण चुकलं तरी चालेल, कळलं पाहिजे. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपला तर मराठीत पाठवलास तरी काही बिघडत नाही, मालक खूश होतो. फक्त मराठीत टाईप करून घेणार असाल तर युनिकोडमध्ये करा. जुन्या श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये टाईप केलेली वर्डची फाईल ज्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही त्याला नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. असे अर्ज येतात आमच्याकडे, कुणाचा आहे हे पण वाचता येत नाही.

आणि आता हे नवीन एआय. २०२३ पासून सीव्हीची भाषा एकदम बदलली, हे आमच्या लाईनमधल्या कुणालाही विचारा. सहा महिने गॅरेजमध्ये काम केलेला मुलगा आता 'स्पिअरहेडेड क्रॉस-फंक्शनल इनिशिएटिव्हज' करतो. आधी सगळे हार्ड वर्किंग होते, आता सगळे रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल झाले, बाकी तेच. वापरू नका असं मी म्हणणार नाही, ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्याला ते खरंच उपयोगी आहे, पण तुमचं वहीतलं लिहिलेलं त्याला द्या आणि सांगा की एवढंच साध्या इंग्रजीत कर, यात नसलेलं काही घालू नकोस. नाहीतर नुसतं 'फिटरचा सीव्ही बनव' म्हटलंत की ते जगातल्या सगळ्या फिटरांचं काम तुमच्या नावावर चढवतं आणि मग इथे आलात की पहिल्याच प्रश्नाला गाडी अडकते.

डिझाईनचं थोडक्यात. ते दोन कॉलमवाले, डाव्या बाजूला गडद निळा पट्टा, गोल फोटो, आणि स्किलपुढे भरलेल्या पट्ट्या, ते सोडा. मोठ्या कंपन्यांत सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्याला असले कॉलम आणि चौकटी कधीकधी नीट कळत नाहीत, कुठलं वाक्य कुठेही जोडलं जातं. आमच्यासारख्या ठिकाणी प्रिंट काढतात ब्लॅक अँड व्हाईट, त्यात तो निळा पट्टा काळाकुट्ट येतो आणि त्यावर लिहिलेला तुमचा फोन नंबर दिसत नाही. आणि त्या पट्ट्यांचा तर अर्थच कळत नाही, परवा एका बीडच्या मुलानं मराठीपुढे ऐंशी टक्के पट्टी भरलेली, म्हटलं उरलेले वीस टक्के कुठे गेले रे बाबा.

आधार नंबर, पॅन नंबर सीव्हीवर कृपा करून लिहू नका. हे मी मोठ्या अक्षरात छापा म्हणेन. सीव्ही दहा ठिकाणी फिरतो, ग्रुपवर फॉरवर्ड होतो, कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. जॉइनिंगच्या वेळी कंपनी मागते तेव्हाच द्यायचं. जात, धर्म, रक्तगट, लग्न झालंय का, यातलं काही खाजगी नोकरीच्या सीव्हीत लागत नाही. त्याऐवजी जे खरंच उपयोगाचं आहे ते कुणी लिहीत नाही, म्हणजे सध्या राहायला कुठे आहात (गावचा पत्ता सर्वे नंबरसकट नको, नुसतं मोशी, राजगुरुनगर, आळंदी एवढं पुरे), दुचाकी आणि लायसन्स आहे का, तिन्ही शिफ्ट चालतील का, कधीपासून येऊ शकता. आम्ही पहिल्या फोनवर हेच चार प्रश्न विचारतो.

गॅपबद्दल मुलं फार घाबरतात. विशेषतः एमपीएससीवाले. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चार-पाच वर्षं घालवून मग वय वाढलं, घरून पैसे बंद झाले म्हणून आमच्याकडे येणारी मुलं खूप आहेत, आणि खरं सांगते यातली बरीच मुलं वाचलेलं लक्षात ठेवणारी, लिहायला स्वच्छ, बसकण असलेली असतात, स्टोअर आणि क्वालिटीच्या डॉक्युमेंटेशनला एक नंबर. पण सीव्हीत ती वर्षं नुसती कोरी, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुठल्यातरी ओळखीच्याचं खोटं एक्सपिरियन्स लेटर लावलेलं. अरे सरळ लिही, 'अमुक ते अमुक, एमपीएससी परीक्षांची पूर्णवेळ तयारी', पूर्व परीक्षा पास झाली असेल तर तेही लिही, आणि त्या काळात मेसचा हिशोब बघितला असेल, क्लासचे पेपर तपासले असतील, अभ्यासिकेची फी गोळा केली असेल तर ते तर नक्कीच लिही. आम्हाला त्या गॅपची अजिबात लाज वाटत नाही, आम्हाला भीती वेगळीच असते, की ट्रेनिंग दिल्यावर पुढची जाहिरात निघाली की हा पळणार. त्याचं उत्तर कव्हरिंग लेटरमध्ये एका वाक्यात द्या, परीक्षा सोडली असेल तर तसं, अजून एकदा द्यायची असेल तर तसं. स्पष्ट सांगितलेलं आवडतं, परीक्षेच्या सुट्टीचं आधीच बोलता येतं. बाळंतपण, घरातलं आजारपण, शेती यामुळे पडलेल्या गॅपचं पण हेच, एक ओळ पुरते.

खोट्याचा विषय निघालाच आहे तर, पीएफचा यूएएन नंबर २०१४ पासून एकच असतो, कंपनी बदलली तरी तोच राहतो, आणि त्याच्या सर्व्हिस हिस्ट्रीत कुठे कधी लागलात आणि कधी सोडलंत त्या तारखा असतात. जॉइनिंगला आम्ही ती मागतो. सीव्हीत तीन वर्षं आणि तिथे अकरा महिने असं निघालं की कितीही चांगला मुलगा असला तरी माझे हात बांधलेले. तसंच कंत्राटदारामार्फत काम केलेली मुलं थेट मोठ्या कंपनीचं नाव लिहितात, रोलवर, म्हणजे कंपनीच्याच पगारपटावर असल्यासारखं. लपवायची काय गरज, 'अमुक कंत्राटदारामार्फत, तमुक कंपनीचा प्लांट, असेंब्ली लाईन' असं दोन्ही लिहा ना, इथे अर्धं चाकण कंत्राटावरच चालतं, सगळ्यांना माहितीये. अप्रेंटिसशिपचं पण तसंच, आयटीआयनंतर वर्षभर अप्रेंटिस केलेलं असतं, परीक्षा देऊन सर्टिफिकेट असतं, आणि सीव्हीत फक्त आयटीआयची टक्केवारी. सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलेली मुलं पण हल्ली दिसतात, २०२४ ला योजना सुरू झाली, बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतन. ती मुलं योजनेचं लांबलचक नाव लिहितात आणि थांबतात. अरे पण तू ग्रामपंचायतीत होतास की शाळेत की दवाखान्यात, तिथे दाखले टाईप केलेस की औषधांचा स्टॉक लिहिलास?

आता कव्हरिंग लेटर. आमच्याकडे येणाऱ्या मेलमध्ये बहुतेक वेळा विषयाची जागा रिकामी, मजकुराची जागा रिकामी, नुसती फाईल. कुणी फार केलं तर 'पीएफए', म्हणजे 'प्लीज फाइंड अटॅच्ड'. दुसरं टोक म्हणजे पानभर इंग्रजी, 'रिस्पेक्टेड सर', (मी बाई आहे, जाहिरातीत नाव होतं, असो) आणि पुढे आपली कंपनी किती महान आहे याचं वर्णन, ज्यात कधीकधी दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलेलं असतं. कंपनीची स्तुती नको हो. कुठली पोस्ट, जाहिरात कुठे पाहिली, या कामाशी जुळणारं तुम्ही आधी काय केलंय, काय येत नाही, कधी येऊ शकता, झालं. त्या स्लिपबॉय मुलाला मी नंतर बसवून लिहायला लावलं होतं, त्याचं त्यानं असं लिहिलं:

'नमस्कार मॅडम, डिस्पॅच असिस्टंट हवा आहे ही तुमची जाहिरात पेपरमध्ये पाहिली. मी बीए आहे. दोन गाळप हंगाम साखर कारखान्यात स्लिपबॉय होतो. रोज किती वाहनं गेली त्याच्या नोंदी ठेवणं, टोळी आणि वाहनवाल्यांशी बोलणं, काट्याच्या पावत्या जुळवणं हे माझं काम होतं. एक्सेलमध्ये रोजचा तक्ता बनवता येतो. ई-वे बिल अजून केलेलं नाही, पण शिकेन. राहायला मोशीत आहे, तिन्ही शिफ्ट चालतील, लगेच जॉइन होऊ शकतो. सीव्ही जोडला आहे.'

यात एक तरी अवघड शब्द आहे का? मला यातलं ई-वे बिलाचं (माल गाडीनं पाठवताना ऑनलाइन काढायचा कागद) 'अजून केलेलं नाही' सगळ्यात आवडलं. जो काय येत नाही ते सांगतो त्याचं बाकीचं खरं वाटतं. हे असं मेलमध्ये थेट टाईप करायचं, वेगळी फाईल जोडायची गरज नाही, आणि व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर यातलं पहिलं अर्धं पुरतं. आणि प्रत्येक नोकरीला जुळणारं वाक्य बदलायचं, पन्नास ठिकाणी एकच मेल एकाच वेळी, वर 'टू' मध्ये पन्नास पत्ते दिसतायत, असं पण करतात मुलं.

आता एवढं मुलांना बोलले तर आम्हा कंपनीवाल्यांनाही बोललं पाहिजे, नाहीतर तुमचे वाचक मला सोडणार नाहीत. 'फ्रेशर्स चालतील, किमान २ वर्षं अनुभव' अशा जाहिराती कोण देतं? पगार लिहायचा नाही, आकर्षक म्हणायचं, रोलवर घेणार की कंत्राटावर ते सांगायचं नाही, शिफ्ट सांगायची नाही, मग सगळे अर्ज करतात आणि मग आम्हीच तक्रार करतो की फालतू अर्ज फार येतात. इंटरव्ह्यूला हिंगोली-परभणीवरून रात्रीची एसटी करून आलेल्या मुलाला 'कळवतो' म्हणायचं आणि कधीच कळवायचं नाही. नाही घेतलं एवढा एक मेसेज टाकायला काय जातं. आणि खांबाखांबावर 'अर्जंट भरती' लावून रजिस्ट्रेशनच्या नावाखाली पोरांकडून हजार-दोन हजार उकळणारे जे आहेत ते तर वेगळंच प्रकरण आहे. नोकरी लावायला जो तुमच्याकडूनच पैसे मागतो त्याला सीव्ही पण देऊ नका, तो तुमच्याच सीव्हीवरचा नंबर वापरून पुन्हा पुन्हा फोन करतो.

तर संपादक साहेब, माझी मागणी छोटी आहे. तुमच्या नोकरीच्या पानावर ते दहा टिप्स वगैरे पुरे झालं. दर आठवड्याला एका वाचकाचा खरा सीव्ही छापा, नाव-पत्ता-नंबर झाकून, डावीकडे जसा आला तसा आणि उजवीकडे त्याच्याशी अर्धा तास बोलून पुन्हा लिहिलेला. एका आठवड्यात वेल्डर, एका आठवड्यात नर्स, मग बीकॉम, मग एमपीएससीवाला, मग दहा वर्षांनी परत नोकरी शोधणारी बाई. त्या त्या कामातला एखादा सुपरवायझर किंवा एचआरवाला बोलवा, तो सांगेल आम्ही काय वाचतो आणि काय सोडून देतो. आयटीआयच्या सरांनी ते कात्रण वर्गात लावलं तर अजून बरं. आणि जागेचा प्रश्न असेल तर ते राशिभविष्य थोडं आखडतं घ्या, मी वाचते रोज, तरी सांगते.

सुरुवातीचे चार-पाच सीव्ही मी देते, मुलांना विचारलंय, त्यांची हरकत नाही.

आपली वाचक,
चाकण, जि. पुणे
(नाव छापू नये ही विनंती, कंपनीत प्रश्न येतात)